ड्रोनने मोजली तेव्हा झाडं कमी भरली : जंगलाचं सर्वेक्षण, यंत्रं आणि टेप

पाऊलवाट :

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस मनात घोळतोय, आज सविस्तर लिहिते.

आमचा सहा जणांचा गट गेली काही वर्षं जंगलातला एक हेक्टरचा तुकडा दरवर्षी मोजतो. शंभर मीटर बाय शंभर मीटर, चार कोपऱ्यांना लोखंडी खुंट, आत वीस-वीस मीटरच्या चौकटी. दहा सेंटीमीटरपेक्षा जाड खोडाच्या प्रत्येक झाडाला क्रमांकाचा बिल्ला. जमिनीपासून 1.3 मीटरवर खडूने खूण करायची, तिथे टेप गुंडाळायचा, आकडा मोठ्याने सांगायचा, आणि लिहिणाऱ्याने तो परत म्हणूनच वहीत टाकायचा. टेप वेलीच्या खालून सरकवावा लागतो, नाहीतर वेलीची जाडीही झाडाच्या नावावर जमा होते. झाड उतारावर असेल तर चढाच्या बाजूने उभं राहून उंची धरायची. बुंध्याला फळ्यांसारखी मुळं फुटली असतील तर ती संपतात त्याच्या वर मोजायचं, आणि किती उंचीवर मोजलं तेही लिहायचं. पुढच्या वर्षी टेप नेमका तिथेच बसला पाहिजे, कारण वर्षभरातली वाढ कित्येकदा काही मिलिमीटरच असते.

यंदा पहिल्यांदा त्याच तुकड्यावर ड्रोन उडवला. साधा कॅमेऱ्याचा ड्रोन. फोटो जोडून नकाशा केला, सॉफ्टवेअरने झाडांची छत्रं ओळखून मोजली. पायी मोजलेली झाडं 538, सॉफ्टवेअरची 321.

आधी वाटलं आमच्या सेटिंगमध्ये गडबड आहे. मग छापील नकाशा घेऊन पुन्हा आत गेले. नकाशावरच्या एका मोठ्या छत्राखाली उभी राहिले, तर तिथे बिल्ला लावलेली सात झाडं. वरून ते एकच झाड. दुसरीकडे उलटा प्रकार: एकाच खोडाला दोन जाड फांद्या, दोन्हींचे वर वेगवेगळे घुमट, सॉफ्टवेअरने दोन झाडं धरलेली. म्हणजे तो 321 हा आकडाही 321 झाडांचा नाहीच. त्यात कमीही आहे आणि जास्तही आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी ड्रोन, लेसर, रोबो, उपग्रह यांतलं काहीही जंगलात वापरलंय, त्यांनी अनुभव सांगा. यंत्राकडून काय मागावं आणि काय मागू नये, हे मला समजून घ्यायचंय.

बिंदूमेघ :

उत्तम धागा. ताई, तुमचं सॉफ्टवेअर फारसं चुकलेलं नाही. कॅमेऱ्याला जे दिसलं ते त्याने मोजलं, आणि कॅमेऱ्याला जंगलाचं फक्त छप्पर दिसतं.

फोटोंवरून त्रिमितीय नकाशा करताना एकच बिंदू निदान दोन-तीन फोटोंत ओळखता यावा लागतो. म्हणून फोटो एकमेकांवर 80 टक्क्यांच्या वर चढवून घेतात. छपराच्या वरच्या पानांना ते जमतं. पण खालची फांदी एका फोटोत फटीतून दिसते आणि दुसऱ्यात झाकली जाते, म्हणून ती जुळतच नाही. त्यात वारा असला की प्रत्येक फोटोत पान दुसऱ्याच जागी असतं. दाट जंगलात या पद्धतीने जमीन जवळजवळ सापडतच नाही.

लेसर, म्हणजे लायडार, वेगळ्या तत्त्वावर चालतं. यंत्र प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं. वेळेत एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे अंतरात साधारण 15 सेंटीमीटर. ठोका वरच्या पानांवर थोडा परततो, उरलेला फटीतून खाली जातो, मधल्या फांदीवरून थोडा परततो, आणि नशीब असेल तर शेवटचा अंश जमिनीवरून येतो. एकाच ठोक्याची अशी तीन-चार उत्तरं मिळतात. लाखो ठोक्यांतले थोडे जरी जमिनीला शिवले तरी जमिनीचा उंचसखलपणा उभा करता येतो. वरच्या पृष्ठभागातून तो वजा केला की झाडांची उंची हातात येते.

खरी काळजी या वजाबाकीची घ्यावी लागते. खालच्या दाट झुडुपालाच सॉफ्टवेअरने जमीन समजलं, तर त्या भागातली सगळी झाडं एक-दीड मीटरने बुटकी होतात आणि नकाशा दिसायला अगदी व्यवस्थित दिसतो. मी जमिनीचा पृष्ठभाग नेहमी उभ्या कापात तपासतो. एक मीटर रुंदीची पट्टी कापायची आणि बाजूने बघायची. जमिनीची रेघ कुठे उगाच उचललेली असेल तर लगेच डोळ्यात भरते. स्वयंचलित अहवालात हे कधीच कळत नाही.

खालच्या थरातली झाडं मात्र वरून लेसर मारूनही निम्मीशिम्मीच वेगळी काढता येतात. तुमच्या 538 पर्यंत वरून कोणीच पोचणार नाही.

नवखा :

अगदी प्राथमिक प्रश्न आहे. उपग्रह रोज डोक्यावरून जातात, फोटोही फुकट मिळतात. मग ड्रोन हवा कशाला?

दूरदर्शी :

नवखा, प्रश्न प्राथमिक नाही, मुळातला आहे. मी उपग्रहाच्या माहितीवरच काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह 1972 मध्ये गेला. 2008 मध्ये त्याचा सगळा साठा सर्वांना मोफत खुला झाला आणि जंगलाच्या अभ्यासाचं रूपच बदललं, कारण एकाच जागेचा कित्येक दशकांचा इतिहास एका बैठकीत पाहता येऊ लागला. 2013 मध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या गटाने त्यातूनच साऱ्या जगाचा 2000 ते 2012 मधला वृक्षाच्छादनाचा बदल मांडला. त्यानंतर युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह आले. दोघे मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात.

आता पाऊलवाटताईंचा हेक्टर घ्या. लँडसॅटचा एक चौकोन 30 मीटरचा, म्हणजे त्या हेक्टरात जेमतेम अकरा चौकोन. सेंटिनेल-2 च्या 10 मीटरच्या चौकोनांनी शंभर. एका चौकोनात पाच-सहा झाडांचा रंग एकत्र कालवलेला असतो. जंगल तोडलं, जाळलं, रोगाने सुकलं, तर हे छान कळतं. मधली चारच मोठी झाडं निवडून नेली, तर फटी वर्षभरात पाल्याने भरून येतात आणि आपल्याला काहीच दिसत नाही. उपग्रहाच्या रंगांवरून जो हिरवेपणाचा निर्देशांक काढतात, त्याची हीच अडचण आहे. एका मर्यादेनंतर जंगल कितीही भरदार झालं तरी हिरवेपणा वाढत नाही. तीस वर्षांचं दाट रोपवन आणि तीनशे वर्षांचं जंगल वरून सारखंच हिरवं दिसतं.

ढग ही वेगळीच कटकट. पावसाळी जंगलात ढगांशिवायचं चित्र वर्षात मोजक्याच वेळा मिळतं. रडार ढगातून जातं, म्हणून ते लागतं. रडारची गंमत तरंगलांबीत आहे. लहरीला साधारण स्वतःच्या लांबीच्या मापाच्या वस्तू 'दिसतात'. युरोपच्या सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाची लहर साडेपाच सेंटीमीटरची, ती पानं आणि डहाळ्यांवरूनच परतते. निसार हा भारत आणि अमेरिकेचा उपग्रह 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची लांब लहर 24 सेंटीमीटरची आहे, ती पाल्यातून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोचते. त्याच वर्षी 29 एप्रिलला युरोपचा बायोमास नावाचा उपग्रह गेला, त्याची लहर 70 सेंटीमीटरच्या आसपास आहे. पाला तिला जवळपास पारदर्शकच. ती थेट खोडांवर आणि जाड फांद्यांवर आदळते, आणि झाडाचं वजन तिथेच असतं. इतकी लांब लहर अवकाशातून पहिल्यांदाच वापरली जाते आहे. एक मर्यादाही आहे: या पट्ट्यात अवकाशातल्या वस्तूंवर नजर ठेवणारे लष्करी रडार चालतात, म्हणून उत्तर अमेरिका आणि युरोपवर तो मोजमाप करत नाही. विषुववृत्ताभोवतीची जंगलं मात्र त्याला मोकळी आहेत, आणि वजनाच्या दृष्टीने मुख्य गरज तिथेच आहे.

लेसरही अवकाशात गेलंय. जेडाय हे उपकरण डिसेंबर 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पाठवलं. ते जमिनीवर 25 मीटर व्यासाचे ठिपके टाकतं आणि प्रत्येक ठिपक्यात छतापासून जमिनीपर्यंत पाला कुठे किती आहे त्याचा आलेख देतं. ठिपके एका रेषेत 60 मीटर अंतराने, आणि दोन रेषांमध्ये 600 मीटर. म्हणजे तो नकाशा नाही, नमुने आहेत. मधल्या जागा आपण इतर उपग्रहांच्या मदतीने अंदाजाने भरतो. नकाशा रंगवून झाला की नेमकं हेच विसरलं जातं.

उतारावर जेडायचे आकडे डोळे झाकून घेऊ नका. 30 अंशांच्या उतारावर 25 मीटरच्या ठिपक्यात जमिनीचीच वरची आणि खालची कड यांत 14 मीटरचा फरक असतो. जमिनीचं उत्तर आणि झुडपांचं उत्तर एकमेकांत मिसळून जातं.

पाऊलवाट :

दूरदर्शी, मनापासून आभार. '25 मीटरचा ठिपका' वाचून एक जुना सल आठवला.

एका प्रकल्पात आम्ही अशा ठिपक्यांखाली जाऊन झाडं मोजायची होती. हातातला जीपीएस घेऊन गेलो. छताखाली संकेत पानांवर, खोडांवर आपटून वाकडेतिकडे येतात. एकाच जागी उभी असताना माझं स्थान पडद्यावर पंधरा मीटर सरकताना मी पाहिलं आहे. त्यात ठिपक्याच्या जागेतही साधारण 10 मीटरची अनिश्चितता. दोन्ही मिळून कित्येकदा आम्ही मोजलेलं वर्तुळ आणि लेसरचं वर्तुळ यांचा एकमेकांशी धड संबंधच नसणार. तीन आठवडे राबलो, आणि शेवटी अहवालात 'क्षेत्रीय मोजणी आणि उपग्रह यांत तफावत' एवढं एकच वाक्य आलं. तफावत कशाची होती हे कोणी विचारलंच नाही. फार वाईट वाटलं होतं.

आता आम्ही मोकळ्या जागेत चांगला रिसीव्हर बराच वेळ ठेवून एक पक्का बिंदू घेतो आणि तिथून अंतर व कोन मोजत आत जातो. वेळ खातं, पण हेक्टराचा कोपरा हातभरही हलत नाही.

चौपाद :

मी रोबोंच्या बाजूचा माणूस आहे. हा जीपीएसचा त्रासच आमचं मुख्य काम आहे, म्हणून लिहितो.

छताखाली रोबोला आपण कुठे आहोत हे आकाशातून कळत नाही, म्हणून तो आजूबाजूची खोडं बघून एकाच वेळी नकाशाही करतो आणि त्या नकाशात स्वतःची जागाही शोधतो. याला आम्ही स्लॅम म्हणतो. हीच युक्ती हातात धरायच्या किंवा पाठीवर लावायच्या लेसरमध्येही असते. चालत गेलं की मागे खोडांचा बिंदूमेघ, म्हणजे लेसरने टिपलेल्या बिंदूंचा त्रिमितीय ढग, तयार होत जातो. तिपाईवरच्या लेसरने एक हेक्टर नीट टिपायला कित्येक दिवस जातात. पाठीवरच्या लेसरने तेच काम काही तासांत होतं, अर्थात तेवढी बारकाई मिळत नाही.

अडचण अशी की चालताना बारीक चूक साठत जाते. शंभर मीटर चालून परत त्याच झाडाशी आलात, तर यंत्राच्या मते तुम्ही वीस सेंटीमीटर बाजूला असता. मग नकाशात तेच झाड दोनदा उमटतं. एकदा आमच्या बिंदूमेघाचा 1.3 मीटरवरचा आडवा काप काढला, तर खोडाच्या गोलाऐवजी दोन चंद्रकोरी, एकमेकींपासून जराशा सरकलेल्या. सॉफ्टवेअरने दोन्हींना कवेत घेणारं एक मोठं वर्तुळ बसवलं आणि झाड बारा सेंटीमीटरने जाडजूड झालं. तेव्हापासून मी सरळ रेषेत जाऊन परत येत नाही. पाकळ्यांसारखे फेरे मारतो, म्हणजे दर काही मिनिटांनी ओळखीचं झाड भेटतं आणि साठलेली चूक तिथल्या तिथे फेडली जाते.

चार पायांच्या रोबोंवर ऑक्सफर्ड, झुरिक, बॉन इथले गट डिजिफॉरेस्ट या युरोपीय प्रकल्पात एकत्र काम करत होते. रोबो जंगलात चालत जातो आणि चालता चालताच खोडांचे व्यास काढतो. विरळ, निगा राखलेल्या जंगलात हे चांगलं चालतं. पालापाचोळ्याखाली खड्डा असला, आडवी पडलेली ओलसर खोडं असली, गुडघाभर नेचे असले की अवघड होतं. नेचा लेसरला भिंतीसारखा दिसतो. त्यातून चालता येतं हे माणसाला न सांगता कळतं, रोबोला ते शिकवावं लागतं.

उडणाऱ्यांनी मोठी मजल मारली आहे. 2021 मध्ये झुरिक विद्यापीठाच्या गटाने झाडांमधून ताशी 40 किलोमीटरने स्वतःच वाट काढणारा ड्रोन दाखवला. त्याचं सगळं शिक्षण संगणकातल्या आभासी जगात झालं होतं. 2022 मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठाने बांबूच्या दाट बनातून दहा छोटे ड्रोन एकत्र नेले, एकमेकांना न धडकता. पण वाट काढणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजायचं तर हळू जावं लागतं, जड लेसर वाहावा लागतो, आणि बॅटरी वीस-पंचवीस मिनिटांत मान टाकते.

रातकिडा :

वाचनखूण साठवली. एक पदर राहून गेलाय: जंगल म्हणजे नुसती खोडं नाहीत.

2023 मध्ये झुरिकच्याच तंत्रविद्यापीठाने एक ड्रोन दाखवला, जो फांदीवर हलकेच टेकतो आणि सालीवर पडलेला डीएनए चिकट पृष्ठभागावर उचलून आणतो. पक्षी, किडे, सस्तन प्राणी, जे कोणी त्या फांदीवरून गेलं त्याचा मागमूस. फांदी किती वाकेल हे आधी कळत नाही, म्हणून टेकताना ड्रोन फांदीचा दाब जाणवून स्वतःला सावरतो.

आणि एक्सप्राइझ रेनफॉरेस्ट ही स्पर्धा 2024 मध्ये संपली. अंतिम फेरी ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये झाली. अट अशी होती की 100 हेक्टर जंगल 24 तासांत, संघातल्या कोणीही आत पाऊल न टाकता, टिपायचं आणि पुढच्या 48 तासांत निष्कर्ष द्यायचे. जिंकलेल्या लाइमलाइट रेनफॉरेस्ट या संघाने ड्रोनने छतावर उपकरणं नेऊन ठेवली. त्यांत आवाज टिपणारी यंत्रं होती, रात्री किड्यांना दिव्याने ओढून घेणारी होती. मला तर हे वाचून आनंदाने झोप लागली नाही. छताच्या वरच्या थरातलं जीवन आजवर दोर लावून चढणाऱ्या मोजक्या लोकांनीच पाहिलं होतं.

एक विनंती मात्र सगळ्या ड्रोनवाल्यांना. घरट्यांच्या हंगामात शिकारी पक्ष्यांच्या जवळ जाऊ नका. ते ड्रोनवर झेपावतात, त्यात त्यांची नखं-पंख तुटतात. उड्डाणाआधी अर्धा तास नुसतं बसून आकाश बघा.

उद्यावाला :

सगळ्यांचं वाचलं. मला प्रामाणिकपणे वाटतं की दहा वर्षांत टेप इतिहासजमा होईल. लेसर स्वस्त होतोय, संगणक झाडांच्या जाती ओळखायला शिकतोय. माणसांना जंगलात तीन-तीन आठवडे राबवण्यापेक्षा तो पैसा यंत्रात घालावा. पाऊलवाटताई, तुमच्या कष्टांचा आदर आहे, पण हे थांबणारं नाही.

पाऊलवाट :

उद्यावाला, तुम्ही स्पष्ट लिहिलंत हे बरं झालं, कारण धागा काढताना मनात हेच होतं. मीही स्पष्ट लिहिते.

कुठलंही यंत्र झाडाचं वजन मोजत नाही. ते उंची, व्यास किंवा परतलेली लहर मोजतं. तिथून वजनापर्यंत न्यायला सूत्र लागतं. उष्ण कटिबंधात सर्रास वापरलं जाणारं सूत्र 2014 मध्ये शाव आणि सहकाऱ्यांनी दिलं: लाकडाची घनता, व्यासाचा वर्ग आणि उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा 0.976 वा घात घ्यायचा आणि 0.0673 ने गुणायचं. उत्तर किलोग्रॅममध्ये. हे सूत्र 58 ठिकाणच्या 4004 झाडांवर उभं आहे, जी तोडून तराजूत तोलली गेली होती. आकाशातून आलेल्या जैवभाराच्या, म्हणजे झाडांच्या वजनाच्या, नकाशांच्या तळाशी अशाच तोललेल्या आणि टेपने मोजलेल्या झाडांची माहिती असते.

आता एक झाड धरा. व्यास 30 सेंटीमीटर, उंची 20 मीटर, घनता 0.6 ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. सूत्राने वजन 582 किलो. व्यासात फक्त दोन सेंटीमीटरची चूक झाली, 32 धरला, तर 660 किलो. तेरा टक्के वाढ. जात चुकली आणि घनता 0.6 ऐवजी 0.5 घेतली, तर तेच झाड 487 किलो. पाठीवरच्या लेसरचे व्यास दोन-तीन सेंटीमीटरने हुकतात ही सामान्य गोष्ट आहे. चूक कधी इकडे, कधी तिकडे असेल तर हेक्टरभर झाडांत ती फिटून जाते. पण ती एकाच बाजूला झुकलेली असेल, चौपाद यांच्या चंद्रकोरींसारखी, तर झाडागणिक भर पडत जाते. आणि ती झुकलेली आहे हे कळणार कसं? कोणीतरी टेप लावल्याशिवाय नाही कळत.

मलेशियाच्या सबाहमधल्या डानम खोऱ्यातलं झाड आठवा. 2018 मध्ये विमानातल्या लेसरने ते हेरलं. मग ड्रोन उडवला, जमिनीवरून लेसरने टिपलं. आणि जानेवारी 2019 मध्ये एक स्थानिक आरोहक टेप घेऊन शेंड्यापर्यंत चढला आणि 100.8 मीटर हा आकडा पक्का झाला. लेसर नसता तर ते झाड त्या अफाट छतात कोणाला सापडलं नसतं, आणि तो माणूस चढला नसता तर आकड्यावर कोणी शिक्का मारला नसता. मला दोघंही हवेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की पैसा यंत्रात घाला, जरूर घाला, पण त्याच अंदाजपत्रकात जमिनीवरच्या मोजणीची ओळ त्याच हक्काने असू द्या. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर 50 हेक्टरचा तुकडा 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण दर पाच वर्षांनी मोजला जातो, खोड एक सेंटीमीटर जाड असलं तरी. दोन लाखांवर झाडं. ती माहिती आज जगभरचे लोक वापरतात. ती टिकली, कारण इतकी वर्षं कोणीतरी माणसं पाठवत राहिलं. उपग्रहाचं उड्डाण बातमीत येतं, दहाव्या फेरीच्या मोजणीचा पगार मात्र दरवेळी मागून घ्यावा लागतो. माझ्या गटातल्या दोघांना पानाचा नुसता वास घेऊन जात सांगता येते. त्यांची नावं आजवर एकाही अहवालात आलेली नाहीत.

दूरदर्शी :

पाऊलवाटताईंच्या शब्दाशब्दाशी सहमत. मी नकाशे करते, म्हणून माझ्या बाजूची कबुली देते: प्रत्येक चौकोनासोबत अनिश्चिततेचा आकडा आम्ही देतो, पण तो वेगळ्या फाइलमध्ये असतो आणि ती फाइल फार थोडे लोक उघडतात. यापुढे माझ्या नकाशावर मी दोन्ही शेजारी-शेजारी छापणार आहे.

शब्दांबद्दलही एक सांगायचंय. 'वृक्षाच्छादन घटलं' म्हणजे 'जंगल गेलं' असं नाही. उपग्रहाच्या नकाशात लाकडासाठी लावलेल्या रोपवनाची कापणीही घट म्हणूनच दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची जंगलाची व्याख्या अशी: अर्धा हेक्टरहून मोठी जागा, पाच मीटरहून उंच होणारी झाडं, दहा टक्क्यांहून जास्त छत. रोपवनही त्यात बसतं. आकडे वाचताना कोणती व्याख्या धरली आहे ते आधी बघा, अर्ध्या वादांचं मूळ तिथेच असतं.

उद्यावाला :

ताई, सूत्राचा हिशेब मी स्वतः करून पाहिला. दोन सेंटीमीटरला तेरा टक्के, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझं मत मी थोडं बदलतो: टेप कमी जागी लागेल, पण तिथे जास्त काटेकोर लागेल. तिपाईवरच्या लेसरने अख्ख्या झाडाचं घनफळ काढून, झाड न तोडताच वजनाचा अंदाज करता येतो, त्याबद्दल काय वाटतं?

बिंदूमेघ :

ते फार मोलाचं आहे. खोड आणि फांद्यांवर नळकांडी बसवत जायची, सगळ्यांचं घनफळ जोडायचं, घनतेने गुणायचं. सूत्रं बनवताना अवाढव्य झाडं फारशी तोडली गेलेली नाहीत, कारण ती तोडून तोलणं भयंकर कष्टाचं असतं. म्हणून त्यांच्याबद्दल सूत्रं डगमगतात, आणि तिथे ही पद्धत उपयोगी पडते. बारीक डहाळ्या मात्र खऱ्यापेक्षा जाड भरतात, आणि पोकळ खोड लेसरला भरीवच दिसतं.

नवखा :

ढोली असलेलं झाड लेसरला कळत नाही, मग टेपला तरी कुठे कळतं?

पाऊलवाट :

नाही कळत, अगदी बरोबर. पण टेप लावणारा माणूस खोडावर मुठीने ठोकतो. आवाज पोकळ आला की आम्ही वहीत क्रमांकापुढे गोल करतो. आमच्या हेक्टरात असे सतरा गोल आहेत.

चौपाद :

ताई, एक प्रस्ताव. पुढच्या मोजणीच्या आठवड्यातच मी पाठीवरचा लेसर घेऊन येतो. तुमचा टेप आणि माझा लेसर एकाच दिवशी, एकाच खडूच्या खुणेवर. तुमचे क्रमांक माझ्या बिंदूमेघात कसे जुळवायचे तेवढं सांगा, माझं नेहमी तिथेच अडतं. लेसरला बिल्ला वाचता येत नाही.

पाऊलवाट :

नक्की या, मनापासून वाट बघते.

जुळवण्याचं असं करू. एका कोपऱ्याच्या खुंटापासून सुरुवात करून प्रत्येक वीस मीटरच्या चौकटीत आधी सर्वात जाड तीन झाडं धरायची. ती तुमच्या मेघात आणि माझ्या वहीत दोन्हीकडे चटकन ओळखू येतात. त्यांच्यावरून चौकट फिरवून बसवायची, मग उरलेल्या झाडांचं त्या तिघांपासूनचं अंतर बघत एकेक क्रमांक द्यायचा. मी छापील नकाशा घेऊन खोडाशी उभी राहीन, तुम्ही पडद्यावर बोट ठेवा. ज्या खोडावर आपलं एकमत होणार नाही त्याला लाल फीत बांधू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊ. खुंटांवर ठेवायला परावर्तक गोळे असतील तर चार घेऊन या. तिसऱ्या कोपऱ्याचा खुंट वेलींत बुडालाय, तो मी आधी मोकळा करून ठेवते.